रिकाम्या खुर्चीचा फोटो

"उस्ताद, फोटोत एक माणूस जास्त येत असेल, तर दोष कुठं शोधायचा?"

गजेंद्रने हसत विचारले. ज्यांचा कॅमेरा होता ते विरुपाक्षअप्पा समोरच गिऱ्हाइकांच्या बाकड्यावर बसले होते, तरी त्याला हसू आवरले नाही.

दस्तगीर उस्तादांनी कॅमेऱ्याचे झाकण उघडले, कातडी भाता पुढे ओढला आणि त्याला नाक लावले.

…

"कसला वास येतोय?" अप्पांनी विचारले.

"बंद कपाटाचा," उस्ताद म्हणाले.

मिरजेत चिंचेच्या एका जुन्या वखारीसमोर उस्तादांचे दुकान होते. दुसऱ्यांनी परत पाठवलेले कॅमेरे तिथे येत. भात्याचे, पेटीचे, ज्यांचे सुटे भाग आता कुठेच मिळत नाहीत असे. अप्पा सुपारीचे व्यापारी. हा भात्याचा कॅमेरा त्यांनी जुन्या बाजारात एका बोहारणीकडून घेतला होता. कुणाचा होता, हे तिलाही माहीत नव्हते.

"माणूस म्हणजे कसा माणूस, अप्पा?"

अप्पांनी पाकिटातून दोन-तीन फोटो काढून गजेंद्रच्या हातात दिले.

घराच्या सोप्यावरचा झोपाळा. झोपाळ्याच्या एका बाजूला एक काळसर डाग. बसलेल्या माणसाएवढा.

"झोपाळ्यावर मी नाही," अप्पा म्हणाले. "मी तर फोटो काढतोय. आणि घरात तिसरं कुणी नाही. म्हणजे… दुसरंच कुणी नाही."

"भात्याला भोकं असतील. उजेड गळतोय."

"उजेड गळला तर फोटोत पांढरं यायला पाहिजे ना? हे काळं आहे."

गजेंद्रने एकदा अप्पांकडे पाहिले.

"मग बुरशी. भिंगावर बुरशी धरली की असे डाग येतात."

"बुरशी दर वेळी झोपाळ्यावरच बसती होय रे?"

उस्ताद हसले. गजेंद्र हसला नाही.

"ठेवून जा, अप्पा," तो म्हणाला. "डाग राहणार नाही. माझा शब्द."

अप्पा उठले. उंबऱ्यापाशी जाऊन थांबले, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "एकदम घालवू नका. आधी कोण आहे ते कळू दे… ही गेल्यापासून घर खायला उठतं. कुणीतरी बसलेलं बरं वाटतं हो."



*

गजेंद्र तांबट घराण्यातला. पिढ्यान् पिढ्या ठोकाठोकीत गेलेल्या घरात ह्याचेच हात नाजूक निघाले. केसाएवढी स्प्रिंग तो श्वास न रोखता बसवायचा. उस्तादांकडे आला तेव्हा मिशी फुटत होती, आता कानशिलावर पांढरे दिसू लागले होते. अजून तो जमिनीवर, दुमडलेल्या पोत्यावर बसूनच काम करत होता.

कारण दुकानात खुर्ची एकच होती.

शिसवी लाकडाची, पाठीला आणि बैठकीला वेताची जाळी विणलेली. तिच्यावर उस्ताद बसत. दुकानातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कॅमेऱ्याबद्दल, त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाने जबाब द्यायचा, अशी तिथली रीत होती.

उस्तादांचा उजवा हात अलीकडे थरथरत असे. पेचकस खाचेत बसण्याआधी दोन-चारदा निसटायचा. गिऱ्हाईक दारातूनच विचारायचे, "तांबट आहेत का?" गजेंद्रला ते ऐकू येत असे. उस्तादांनाही.

"उस्ताद," तो म्हणाला, "खंडेनवमी आली."

"हां. हत्यारं पुसून ठेव. हळदकुंकू आण. पूजा तूच करतोस दर वर्षी."

"त्या दिवशी… खुर्चीवर मी बसू का?"

हे त्याने मागेही विचारले होते. तेव्हा उस्तादांनी नुसता चहा मागवला होता. आज त्यांनी अप्पांचा कॅमेरा उचलून त्याच्यासमोर, पोत्याच्या कडेला ठेवला.

"हा पास कर," ते म्हणाले. "मग बस."

गजेंद्रने मान खाली घातली, ती नम्रपणाने नव्हे. त्याला हसू दाखवायचे नव्हते. फळीखाली, जुन्या डब्यांच्या मागे, त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून एक गादी ठेवली होती. त्या खुर्चीच्या मापाची. बायकोकडून शिवून घेतलेली, हिरव्या-पांढऱ्या चौकड्यांच्या कापडाची. ती तिथे आहे हे त्याने कुणालाही सांगितले नव्हते.

*

त्या दुकानात कॅमेरा पास कसा होतो, हे सांगायला हवे.

दुरुस्ती झाली की उस्ताद खुर्चीवरून उठत. खुर्ची बाहेर नेऊन वखारीच्या पांढऱ्या भिंतीला लावायची. सकाळचे ऊन त्या भिंतीवर सरळ पडते. पायांसाठी जमिनीत चार खळगे पडलेले होते, त्यातच ती ठेवायची. समोर, एका फरशीवर, स्टँड.

फिल्म वाया घालवायची नाही. लाल दिव्याच्या खोलीत फोटोच्या कागदाचा तुकडा कापून तोच फिल्मच्या जागी बसवायचा. एकदा शटर दाबायचे. कागद औषधात धुतला की उलटे चित्र येते, काळ्याचे पांढरे. तो ओला कागद दुसऱ्या कोऱ्या कागदावर दाबून वरून उजेड दाखवला की सुलटे. चहा निवायच्या आत फोटो हातात.

फोटोत दोन गोष्टी बघायच्या. जाळीचे प्रत्येक भोक वेगळे दिसले पाहिजे. आणि खुर्ची रिकामी दिसली पाहिजे.

ही दुसरी गोष्ट उस्ताद का सांगतात, हे गजेंद्रला कधी समजले नव्हते. रिकामी खुर्ची रिकामी दिसणारच.

आतल्या भिंतीवर तारेला असे फोटो ओळीने अडकवलेले होते. तीच भिंत, तीच खुर्ची. भिंतीच्या फटीत पिंपळाचे रोप उगवते, वाढते, कुणीतरी उपटते, पुन्हा उगवते. खुर्ची मात्र सगळ्यांत सारखी. रिकामी.

*

गजेंद्रने पहिल्यांदा काहीच न खोलता फोटो काढला. आधी दुखणे बघावे, मग औषध.

फोटो धुरकट आला. भिंत राखेच्या रंगाची. चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात एक बारीक खाच. कॅमेऱ्याच्या आतल्या पत्र्याला कुठेतरी टोचा बसलेला असणार. त्याकडे त्याने फारसे लक्ष दिले नाही.

खुर्चीवर एक डाग होता.

त्याने फोटो फळीखाली सरकवला.

लाल दिवाही मालवून, अंधारात, त्याने भात्याच्या आत छोटा बल्ब सोडला. भाता बाहेरून पाहिला. घड्यांच्या कोपऱ्यांवर ठिकठिकाणी उजेडाचे ठिपके चमकत होते.

"सापडलं," तो बाहेर येऊन म्हणाला.

"काय?"

"भोकं."

"बुजव."

त्याने सरसात काजळी कालवून एकेक भोक बुजवले, वाळू दिले, पुन्हा बल्ब सोडून पाहिले. भाता काळाकुट्ट झाला होता.

दुसरा फोटो चांगला आला. धुरकटपणा गेला. भिंतीचा चुना उजळला, खुर्चीच्या कडा उमटल्या.

डागालाही कडा आल्या.

…

"काय आलं?" उस्तादांनी विचारले.

"सुधारतोय," गजेंद्र म्हणाला.

मग त्याने भिंगे काढली. दोन काचांच्या मध्ये बुरशी पसरली होती, कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी. जुना, मऊ झालेला सुती पंचा फाडून त्याने ती पुसली. एकदा, पुन्हा, काच आहे की नाही असे वाटेपर्यंत.

तिसऱ्या फोटोत पिंपळाची पाने मोजता येत होती.

खुर्चीवर कुणीतरी बसले होते. खांदे होते. मान खाली होती.

गजेंद्र लाल उजेडात तो ओला फोटो हातात धरून उभा राहिला. कागदावरून पाणी टपकत होते. बाहेर रस्त्यावर एक केळीवाला ओरडत गेला. त्याचा आवाज पार लांब गेल्यावर हा खोलीतून बाहेर आला.

दाराबाहेर ऊन होते. भिंत होती. खुर्ची होती.

रिकामी.

*

"झाला का माझा?" दुपारी अप्पा आले.

"होतोय."

"आणि तो?"

"तो कोण?"

"झोपाळ्यावरचा हो."

गजेंद्र पेचकस पुसत राहिला. "डाग आहे तो, अप्पा. जाईल."

"नाही, म्हणजे…" अप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "सगळं नीट करा, शटर, भाता, काय ते. पण डाग राहिला तर राहू दे. माझी तक्रार नाही. मी काल झोपाळ्यावर नवी उशी टाकली."

"कुणाला?"

अप्पा ओशाळे हसले. उस्तादांनी त्यांच्यापुढे पानाचे तबक सरकवले.

"चुना बेताने लावा," ते म्हणाले. "कालचा तिखट निघाला."

अप्पा पान खाऊन गेले. गजेंद्र म्हणाला, "म्हातारा खुळावला."

उस्तादांचा उजवा हात गुडघ्यावर आपोआप हलत होता.

*

दुसऱ्या दिवशी गजेंद्रने हट्टाने शोध घेतला.

कागदावरच आधीचे काही उमटलेले असेल म्हणून त्याने एक तुकडा न वापरताच धुतला. पांढरा स्वच्छ निघाला.

कॅमेऱ्यामागे आपण उभे असतो, आपलीच सावली भिंगात येत असेल, म्हणून त्याने कॅमेऱ्यावर काळे फडके घातले आणि दोरी बांधून लांबून शटर ओढले. तो खुर्चीवर होताच.

शटर उघडून त्याने त्याची पाती तपासली. नीट उघडत होती, नीट मिटत होती.

शेवटी त्याने फिल्मच्या जागी दुधी काच लावली, शटर उघडे ठेवले आणि फडक्याखाली डोके घातले. दुधी काचेवर चित्र उलटे पडते. आकाश खाली, जमीन वर. खुर्ची पाय वर करून लटकत होती. तिच्यावर कुणी नव्हते.

त्याने मान दुखेपर्यंत पाहिले. एक मुंगळा खुर्चीच्या हातावरून चालत गेला, तोही दिसला. दुसरे काही दिसले नाही.

"डोळ्याला दिसत नाही," तो फडक्याखालूनच ओरडला. "कागदाला दिसतं!"

"कुणाला काय दिसतं?" आतून उस्तादांनी विचारले.

गजेंद्रने फडके आणखी खाली ओढले. त्याने अजून उस्तादांना एकही फोटो दाखवला नव्हता.

पण दुधी काचेवर एक दोष त्याला सापडला. जाळी बारीकशी धूसर होती. पूर्वी कुणीतरी पुढचे भिंग उघडले होते आणि परत बसवताना एक आटा चुकवला होता. त्याने भिंग मागे फिरवले, आटा धरला, पुन्हा बसवले. काचेवर जाळीचे प्रत्येक भोक सुटे झाले.

त्याला बरे वाटले. हाच असणार. धूसरपणातच भुते दिसतात माणसाला.

त्याने कागद बसवला, फोटो काढला, खोलीत जाऊन धुतला.

हा पाचवा फोटो लख्ख होता. चुन्याचे पोपडे, पिंपळाच्या शिरा, लाकडाची नक्षी.

खुर्चीवर बसलेला माणूसही लख्ख होता. मान खाली घालून हातातले काहीतरी पाहत होता. डोळ्याला भिंग लावलेले, म्हणून तोंड नीट कळत नव्हते. गजेंद्रने तोंडाकडे पाहिलेही नाही.

तो माणूस गादीवर बसला होता. चौकड्यांच्या कापडाच्या.

…

त्याने खोलीचे दार उघडले. उस्ताद उन्हात, पायरीवर डोळे मिटून बसले होते. त्याने फळीखाली हात घातला, डबे बाजूला केले. पुडके तिथेच होते. सुतळीची गाठ त्याने बांधली तशीच.

त्याने गाठ सोडली.

गादी कोरी होती. कापडाला अजून खळीचा वास होता. फक्त मधोमध एक खळगी पडली होती, रोज कुणी बसल्यावर पडते तशी.

त्याने ती थापटून सारखी केली. हात उचलल्यावर ती हळूहळू पुन्हा खाली बसली.

*

खंडेनवमीच्या सकाळी गजेंद्र लवकर आला. उस्ताद नमाज पढून येईपर्यंत त्याने हत्यारे मांडली होती. पेचकस, चिमटे, कानस, तेलाची कुपी. प्रत्येकाला हळदकुंकू, झेंडूचे एकेक फूल.

"झाला?" उस्तादांनी विचारले.

"झाला."

त्याने फोटो पुढे केला. भिंत, पिंपळ, खुर्ची. जाळी सुरेख. खुर्ची रिकामी.

उस्तादांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. मग नजरेला आधार म्हणून त्यांनी अंगठ्याचे नख फोटोच्या काळ्या चौकटीवरून हळूहळू फिरवले. वरून, उजवीकडून, खालून. डाव्या कोपऱ्यात नख थांबले.

"अप्पांच्या कॅमेऱ्याच्या पत्र्याला इथं टोचा आहे. आला त्या दिवशी माझ्या बोटाला लागला होता."

गजेंद्र हत्यारांवरची फुले सरळ करू लागला.

"खाच कुठं गेली, गजा?"

…

शेजारच्या फळीवर दुसरा एक भात्याचा कॅमेरा पडला होता. मागच्या महिन्यात दुरुस्त झालेला, निर्दोष. उस्तादांनी त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

"चहा आलाय, निवतोय," ते म्हणाले.

दोघांनी चहा घेतला. बशी खाली ठेवून गजेंद्र उठला, फळीखाली हात घातला आणि पाचही फोटो काढून हत्यारांच्या शेजारी मांडले. उस्तादांनी ते एकेक करून पाहिले. शेवटचा सगळ्यात जास्त वेळ.

"काम चांगलं केलंस. दर वेळी साफ होत गेलाय."

"कोण?"

"फोटो."

गजेंद्रने पुडके आणून उघडले. गादी त्यांच्यासमोर ठेवली. उस्तादांनी तळवा ठेवून पाहिला.

"बायकोनं शिवली?"

"हो."

"टाके बारीक आहेत."

"उस्ताद, थट्टा करू नका." त्याने गादी पुढ्यात ओढली. "मी सगळं बघितलं. भाता, भिंग, शटर, कागद. जिथं म्हणून दोष असू शकतो तिथं बघितलं. मी जेवढा साफ करतो तेवढा तो नीट दिसतो. ह्या खुर्चीसाठी मी मिशी फुटल्यापासून त्या पोत्यावर बसलोय. आणि मी बसायच्या आधीच हा…"



"हा बसलाय," उस्तादांनी वाक्य पुरे केले.

"मग सांगा ना दोष कुठं आहे!"

उस्तादांनी एक झेंडूचे फूल उचलले, हुंगले, परत पेचकसावर ठेवले.

"सगळीकडं बघितलंस?"

"सगळीकडं."

"काही उरलं नाही?"

"काही नाही. आता हा कॅमेरा कृष्णेत टाकायचा, एवढंच उरलंय."

उस्ताद गुडघ्यावर हात टेकून उठले.

"खुर्ची बाहेर घे," ते म्हणाले.

*

ऊन भिंतीवर सरळ आले होते. गजेंद्रने खुर्ची चार खळग्यांत ठेवली. फरशीवर स्टँड लावला, त्यावर अप्पांचा कॅमेरा.

उस्ताद सावकाश चालत गेले, आणि खुर्चीवर बसले.

"उस्ताद… चाचणीला खुर्ची रिकामी लागते."

"ते मला शिकवतोस? काढ."

गजेंद्रने दुधी काच लावली आणि फडक्याखाली डोके घातले. उस्ताद उलटे लटकत होते. जाळीची टोपी, पांढरी दाढी, सदऱ्याचे वरचे तुटके बटण. त्यांच्या पाठीने खुर्चीची जाळी पूर्ण झाकली होती. उजवा हात गुडघ्यावर थरथरत होता. दाढीवर माशी बसली, त्यांनी ती हाकलली.

ते तिथे होते. त्याबद्दल गजेंद्रला शंका नव्हती.

त्याने शटर मिटले. खोलीत जाऊन कागद बसवला, बाहेर आला. स्टँडवर कॅमेरा चढवला. दाबले.

'टिक्.'

"हलू नका म्हणायचं राहिलं," तो म्हणाला.

"मी हललो नाही," उस्ताद म्हणाले. त्यांचा हात हलतच होता.

लाल उजेडात त्याने कागद औषधाच्या बशीत सोडला. आधी भिंत आली, काळी. मग पिंपळ. मग खुर्चीच्या रेघा, पांढऱ्या, चारही पाय, दोन्ही हात. तो वाट पाहत राहिला. बशी हलवत राहिला. आता टोपी येईल, आता दाढी येईल.

…

त्याने कागद उचलला, कोऱ्या कागदावर दाबला, उजेड दाखवला, दुसरा कागद धुतला. सुलटे चित्र आले.

खुर्चीच्या पाठीची जाळी वरपासून खालपर्यंत अखंड होती. प्रत्येक भोक सुटे. प्रत्येक भोकातून मागचा चुना दिसत होता. भिंतीवर खुर्चीची सावली पडली होती आणि त्या सावलीत जाळीचे उन्हाचे ठिपके होते. बैठकीवर कुणी नव्हते. गादी नव्हती. मान खाली घातलेला तो माणूसही नव्हता.

डाव्या कोपऱ्यात खाच होती.

गजेंद्रने दार ढकलले.

उस्ताद खुर्चीवर बसले होते. उन्हाकडे तोंड करून, डोळे मिटून. त्यांची सावली भिंतीवर होती, टोपीसकट.

तो चालत गेला. ओला फोटो एका हातात धरून त्याने दुसरा हात उस्तादांच्या खांद्यावर ठेवला. खांदा उन्हाने तापला होता. हाड लागत होते. श्वासाबरोबर ते वर-खाली होत होते.

त्याने हात काढला नाही.

"जाळी कशी आलीय?" उस्तादांनी विचारले.

"सगळी… सगळी मोजता येते."

"खाच?"

"आहे."

"अप्पा दुपारी येतील. देऊन टाक त्यांना."

"ते विचारतील. झोपाळ्यावर कोण आहे म्हणून."

"त्यांना घरी जाऊन फोटो काढू दे. काढणाऱ्याच्या मनात जो बसलाय, तोच ह्यात येतो."

रस्त्यावरून झेंडूची टोपली घेऊन एक बाई गेली. तिने उस्तादांना हात केला. डोळे मिटलेलेच होते, तरी उस्तादांनी मान हलवली.

गजेंद्रने पुन्हा एकदा फोटोकडे पाहिले, पुन्हा एकदा खुर्चीकडे. मग त्याच्या तोंडून, फार हळू, निघाले.

"उस्ताद… खुर्ची रिकामी आहे."

उस्तादांनी डोळे उघडले नाहीत. ते खुर्चीवरून उठलेही नाहीत.

"मग बस."